पोलो, चटणी आणि कोडे

आमच्या मराठवाड्यात जुनी माणसे काळ मोजायची ती आपल्या रीतीने. अमक्याचा जन्म कधीचा, मळ्यातली विहीर कधी खोदली, वाडा कधी विकला असे विचारले की उत्तर यायचे : पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्षे, नाहीतर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या दिवाळीला. इसवी सन, शक आणि फसली यांच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे. माझी सगळी पिढी हा शब्द ऐकतच वाढली. पुढे इतिहासाची पुस्तके हाती आली तेव्हा ध्यानात आले की या पोलीस ॲक्शनमध्ये पोलिसांचे काम नावापुरतेच होते. सोलापूरहून निघाले ते रणगाडे होते, डोक्यावरून गेली ती हवाई दलाची विमाने होती आणि पुढाकार होता तो लष्कराच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा. मग पोलीस आले कुठून? तर नावातून.

त्या डिव्हिजनचे सेनानी होते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. वय अवघे चाळीस. मराठी छापखान्यात त्यांचे ‘जनरल चौधरी’ होऊन गेले आणि १९६५ च्या युद्धात सरसेनापती म्हणून ते नाव घरोघर पोचले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि चौधुरी सरसेनापती, ही जोडी ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्यांच्या लढायांवर तज्ज्ञांनी भरपूर लिहिले आहे. मला त्यांच्या आयुष्यात आणखी एका गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. या माणसाने ज्या ज्या मोहिमा केल्या किंवा ज्यांचे फळ त्याच्या पदरी आले, त्यांची सांकेतिक नावे एका ओळीत मांडून पाहावीत. पोलो, विजय, लेगहॉर्न, ॲब्लेझ, रिडल, नेपाळ. एखाद्या शाळकरी मुलाने डोळे मिटून शब्दकोशात बोट ठेवावे तशी ही यादी दिसते. पण तिच्यामागे एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राला एक काळी बाजूही आहे.

चौधुरींचा जन्म १० जून १९०८ चा, घराणे बंगाली. आई प्रमिला या व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या कन्या. म्हणजे १८८५ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्थेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षांचा हा नातू. आजोबा काँग्रेसचे पहिले अध्यक्ष आणि नातू ब्रिटिशांच्या फौजेत, याचे आज नवल वाटेल. त्या काळच्या उच्चभ्रू बंगाली घरांत ते तितकेसे विपरीत नव्हते. शिक्षण लंडनच्या हायगेट शाळेत, मग सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात. १९२८ साली कमिशन मिळाले आणि पुढे ते घोडदळात दाखल झाले. भरघोस मिशांवरून मित्रांनी त्यांना ‘मुच्छू’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव जनरल झाल्यावरही सुटले नाही. या सगळ्या कहाणीत एवढे एकच नाव असे आहे की ज्यामागे लपवण्यासारखे काही नव्हते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा चौधुरी पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सुदान, एरिट्रिया आणि उत्तर आफ्रिकेत गेले. काम स्टाफ ऑफिसरचे, म्हणजे कागद, नकाशे, हुकूम आणि बिनतारी संदेश यांच्यात बुडून राहण्याचे. नंतर क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी शिकवलेही. मोहिमांना नावे देण्याची शिस्त याच युद्धात घडली, तेव्हा ती जरा पाहून घेऊ.

लढाईची तयारी महिनोन् महिने चालते. शेकडो कार्यालयांतून पत्रे जातात, टेलिफोन होतात, सामानाच्या याद्या निघतात. प्रत्येक ठिकाणी अमुक शहरावर हल्ला असे लिहून चालत नाही. म्हणून एक शब्द घ्यायचा आणि त्या शब्दाला तो हल्ला चिकटवायचा. शब्दाचा आणि कामाचा काडीइतकाही संबंध असता कामा नये, हा पहिला नियम. एकाच शब्दाचे दोन धनी होऊ नयेत, हा दुसरा. नाहीतर एका फौजेचा दारूगोळा दुसरीकडे जायचा. ब्रिटिशांनी यासाठी तिन्ही दलांचे मिळून एक सुरक्षा मंडळ नेमले होते. त्या मंडळाकडे निवडक शब्दांची नोंदवही असे. त्यातले शब्द गठ्ठ्यागठ्ठ्याने वेगवेगळ्या विभागांना वाटून दिले जात, वापरलेल्यावर खूण होई, आणि पुरेसा काळ लोटल्याशिवाय तो शब्द पुन्हा बाहेर येत नसे. आपल्याकडे पतपेढीत पावतीपुस्तके क्रमांकानुसार वाटतात, तसाच प्रकार.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये चर्चिलसाहेबांनी या कामात लक्ष घातले. त्यांनी सूचना पाठवली की जिथे माणसे मरणार आहेत, त्या मोहिमेला फुशारकीचे, रडके किंवा थिल्लर नाव देऊ नये. उद्या एखाद्या आईला आपला मुलगा कुठल्या लढाईत पडला हे सांगताना ओशाळल्यासारखे वाटू नये, असा त्यांचा मुद्दा. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो. लष्करी कागदांच्या ढिगात आईची आठवण ठेवणारा हुकूम विरळाच.

नावाने घात कसा होतो याची उदाहरणेही त्याच युद्धातली. जर्मनांनी इंग्लंडवर समुद्र ओलांडून चढाई करायची योजना आखली आणि तिला नाव दिले समुद्रसिंह! कुठून येणार ते नावातच आले. विमानांना वाट दाखवणाऱ्या त्यांच्या एका बिनतारी यंत्रणेचे नाव होते वोटान. हा जर्मन पुराणातला एकाक्ष देव. नाव कळताच ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी तर्क केला की ही यंत्रणा एकाच किरणावर चालत असणार, आणि तो खरा निघाला. आणि १९४४ ची ती शब्दकोड्याची गंमत तर प्रसिद्धच आहे. नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वीच्या काही आठवड्यांत लंडनच्या एका दैनिकातल्या शब्दकोड्यात युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे त्या स्वारीचे सगळे गुप्त शब्द एकामागून एक उत्तरे म्हणून आले. कोडी रचणारे गृहस्थ शाळेचे हेडमास्तर होते. गुप्तहेर खाते त्यांच्या दारी येऊन उभे राहिले. हेडमास्तर निर्दोष होते.

पुढे अमेरिकनांनी या गोष्टीचे रीतसर वर्गीकरणच केले. ज्याचा अर्थही गुप्त, तो एक शब्दाचा; जे उघड वापरायचे, ते दोन शब्दांचे टोपणनाव; आणि सरावासाठीची नावे वेगळीच. कोणत्या सेनाविभागाने कोणत्या अक्षरांनी सुरू होणारी नावे घ्यायची हे ठरवून दिले आणि १९७५ पासून हा हिशेब संगणकावर ठेवला. त्यांच्या गुप्तचर संस्थेने तर शब्दाआधी देशागणिक दोन अक्षरे जोडण्याची पद्धत काढली. १९५३ साली इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांना उलथवण्याच्या कटाचे नाव होते ‘टीपी-एजॅक्स’. त्यातले टीपी म्हणजे इराण. माहीतगाराला फाइलच्या पाठीवरच देश वाचता येई.

असो. चौधुरी या शाळेत तयार झाले. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत सोळाव्या लाइट कॅव्हलरी या चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. जनरल स्लिम यांनी तिथे जपान्यांना चकवून मेक्टिला घेतले, त्या मोहिमेतल्या फसवणुकीच्या भागाला स्वतंत्र नाव होते, ‘क्लोक’, म्हणजे झगा. सैन्याचा खरा तळ हलला तरी जुन्या जागेवरून खोटे बिनतारी संदेश चालूच ठेवले गेले. शत्रूला खोटे सांगायचे ते कसे, याचा यापेक्षा चांगला धडा मिळाला नसता.

स्वातंत्र्य आले. नोव्हेंबर १९४७ मध्ये चौधुरी लष्करी मोहिमांच्या खात्याचे प्रमुख झाले आणि मे १९४८ मध्ये त्यांनी पहिल्या चिलखती डिव्हिजनची सूत्रे घेतली. तोवर हैदराबाद संस्थानात आग भडकली होती. लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार गावोगाव धुमाकूळ घालत होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून मराठवाड्यातली तरुण पोरे जिवावर उदार होऊन आत-बाहेर करत होती. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक याच पोरांनी लुटली आणि चळवळीसाठी पैसा उभा केला. तिकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात बीदर-वरंगळला शस्त्रे उतरवत होता. एकूण काय, गुप्तपणा दोन्ही बाजूंना भरपूर होता.

हैदराबादवर जायचे तर कसे, याचा आराखडा दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी तयार करून ठेवला होता. त्याला आधी त्यांच्याच नावाने गोडार्ड प्लॅन म्हणत. पुढे मोहिमेचे नाव पडले पोलो. काही ठिकाणी तिचा उल्लेख ‘कॅटरपिलर’, म्हणजे सुरवंट, असाही येतो. पोलो का, तर हैदराबादेत पोलोची मैदाने फार, सतरा होती असे सांगतात. हे खरे असेल तर नोंदवहीवाल्या साहेबांनी कपाळाला हात लावला असता. निजामाच्या राजधानीचा आवडता खेळ घेऊन त्याच राजधानीवर जायचे, म्हणजे समुद्रसिंहाचीच गत. गंमत पुढेच आहे. चौधुरींच्या डिव्हिजनची चार दले केली होती, त्यांची नावे स्ट्राइक फोर्स, स्मॅश फोर्स, किल फोर्स आणि वीर फोर्स. तडाखा, चुराडा, वध आणि वीर. चर्चिलसाहेबांची फुशारकीविरुद्धची सूचना इथे कुणी मनावर घेतलेली दिसत नाही.

आणि जगाला सांगायचे नाव मात्र किती मवाळ! पोलीस ॲक्शन. त्यात एक कावा होता, आणि तो मला तरी समजण्यासारखा वाटतो. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. युद्ध म्हटले की दोन देश आले. पोलीस कारवाई म्हटले की घरातला मामला. पण या शब्दाचा इतिहास फारसा सोवळा नव्हता. १९४७ च्या जुलैमध्ये डच लोकांनी इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकावर फौज घातली, तेव्हा त्यांनीही तिला पोलीस कारवाईच म्हटले होते. त्या मोहिमेचे गुप्त नाव ‘प्रॉडक्ट’, म्हणजे उत्पादन, कारण डोळा मळ्यांवर आणि मालावर होता. त्या कारवाईविरुद्ध सुरक्षा परिषदेत धाव घेणारे देश दोन : ऑस्ट्रेलिया आणि भारत! सव्वा वर्षाने तोच शब्द आपण उचलला. दोन्ही प्रसंग सारखे होते असे मी म्हणणार नाही. हैदराबादची प्रजा कुणाच्या बाजूने होती हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. तरीही शब्द एकच होता, एवढे खरे.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे फौजा निघाल्या. सोलापूरच्या बाजूने नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आला आणि रणगाडे उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असे हमरस्त्याने राजधानीकडे सरकले. आपल्या शहरावर, तेव्हाच्या औरंगाबादवर, आल्या त्या मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्या. १४ तारखेला त्या सहा रांगांनी शहरापर्यंत पोचल्या आणि दुपारी मुलकी अधिकारी शरणागती घेऊन सामोरे आले. जालन्याला मात्र प्रतिकार झाला. १७ च्या संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता निजामाचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी हैदराबादच्या वेशीजवळ चौधुरींपुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत आटोपले सगळे.

चौधुरी त्याच दिवशी संस्थानचे लष्करी गव्हर्नर झाले आणि १९४९ संपेपर्यंत राहिले. फ्रान्सच्या निम्म्याहून कमी पण नेपाळाहून मोठ्या अशा मुलखाचा कारभार एका घोडदळाच्या अधिकाऱ्याकडे आला. मुलकी कारभाराला जोडीला आय.सी.एस.मधले द. शि. बखले होते. रझाकारांवर बंदी आली, रझवी तुरुंगात गेले. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, तो मोडण्यासाठी याच राजवटीने कठोर हात चालवला. आणि १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारा कायदा आला. कुळांच्या दृष्टीने रणगाड्यांपेक्षा हा कागद मोठा होता. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या सातबाऱ्याची मुळे तिथवर पोचतात.

इथवरची कहाणी आपण दर १७ सप्टेंबरला ऐकतो. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाशी झेंडा लागतो, भाषणे होतात आणि ती व्हावीतच. जे ऐकू येत नाही ते असे. कारवाईच्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानच्या अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. रझाकारांनी ज्यांना छळले त्यांचा संताप समजू शकतो. पण तो ज्यांच्यावर निघाला त्यातले बहुतेक रझाकार नव्हते, शेजारी होते. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हिंडून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. आपला औरंगाबाद आणि बीड जिल्हा त्यांच्या पाठोपाठच्या यादीत होता. सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या काहींनी लुटीला हातभार लावल्याच्या साक्षीही अहवालात नोंदल्या आहेत. त्याच अहवालात हेही आहे की कित्येक हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी जास्त दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले.

हा अहवाल अनेक दशके छापला गेला नाही. पोलीस ॲक्शन या नावाखाली इतके सगळे झाकले गेले. त्याचा सगळा दोष एका चौधुरींवर टाकणे मला रास्त वाटत नाही. नाव ठरवणारे दिल्लीत होते आणि अहवाल कुलुपात ठेवणारेही. पण गव्हर्नर तेच होते. त्यांच्या गौरवाची पाने लिहिताना हे पान गाळले तर ते चरित्र अपुरे राहते.

पुढची काही वर्षे भराभर बढत्यांची. मधे एक वेगळाच लपाछपीचा प्रकार आहे. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लष्करी प्रतिनिधी एवढ्याच सहीने लेख येत. लेखक म्हणजे स्वतः चौधुरी, तेही नोकरीत असताना! सैन्याच्या उणिवा, शस्त्रे, शेजाऱ्यांची तयारी यांवर ते लिहीत. निवृत्त झाल्यावर १९६६ मध्ये या लेखांचे पुस्तकही निघाले. मोहिमांना टोपणनावे देणाऱ्याने स्वतःलाही एक घेऊन ठेवले होते म्हणायचे.

१९६१ साली ते पुण्याला दक्षिण विभागाचे प्रमुख होते आणि गोव्याची कामगिरी त्यांच्याकडे आली. मोहिमेचे नाव विजय. निकालच नावात सांगून टाकला. त्याआधी नौदलाची ‘बेतवा’ आणि ‘बियास’ ही जहाजे गोव्याच्या किनाऱ्यावर पाळत ठेवून होती, त्या कामाचे नाव चटणी! विजयाच्या पानात चटणी आधी वाढली गेली. पोर्तुगीजांच्या बाजूची गोष्ट तर याहून मजेची सांगतात. गोव्याच्या गव्हर्नरांनी लिस्बनकडे रणगाडाविरोधी दारूगोळा मागितला, तो सांकेतिक भाषेत. शब्द ठरला होता ‘शोरिसो’, म्हणजे मसाल्याचे सॉसेज, गोव्यात ज्याला चोरीस म्हणतात ते. लिस्बनमध्ये कुणाला तरी संकेत ठाऊक नव्हता. विमानाने खरोखरीची सॉसेजेस आली! एका शब्दाचे दोन धनी होऊ नयेत या नियमाचे मोल अशा वेळी कळते. १८ डिसेंबरच्या पहाटे फौजा शिरल्या आणि १९ च्या रात्री गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत गेली.

मग १९६२. ऑक्टोबरात नेफाच्या थागला डोंगरावरून चिन्यांना हटवायचे ठरले, त्या मोहिमेला दिलेले नाव होते ‘लेगहॉर्न’. ही एका कोंबडीची जात आहे. कुक्कुटपालनाच्या योजना आल्या तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतून ती सर्वांना माहीत झाली. उन्हाळी कपड्यांत, पुरेशा शिध्याशिवाय, चौदा-पंधरा हजार फुटांवर जवानांना पाठवले आणि त्या मरणाच्या मोहिमेला कोंबडीचे नाव दिले. सातव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या कैदेत पडले आणि परत आल्यावर त्यांनी त्यावर कडक पुस्तक लिहिले. त्या आईची आठवण या वेळी कुणाला झाली नाही. ही मोहीम चौधुरींची नव्हती. पण तिच्या राखेतून सरसेनापतिपद नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांच्याकडे आले. पराभव का झाला याची चौकशी त्यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोघांकडे सोपवली. भगत म्हणजे महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले वीर. त्यांचा अहवालही कपाटात गेला. २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग बाहेर आणला. सरकारने तो आजतागायत जाहीर केलेला नाही. चौधुरींच्या आयुष्याला चिकटलेला हा कुलुपातला दुसरा अहवाल.

१९६५ मध्ये नावांची नुसती जत्रा भरली. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानचा ‘डेझर्ट हॉक’, वाळवंटी ससाणा. त्याआधी कांजरकोट परत घेण्याच्या आपल्या योजनेचे नाव कबड्डी. ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर आले ती मोहीम ‘जिब्राल्टर’. तारिकने समुद्र ओलांडून स्पेन जिंकले त्या डोंगराचे हे नाव, आणि घुसखोरांच्या टोळ्यांची नावे तारिक, गझनवी, सलाहुद्दीन, बाबर, खालिद. नाव वाचूनच मनसुबा कळावा. १ सप्टेंबरला अखनूरवर आला तो ‘ग्रँड स्लॅम’, ब्रिजच्या डावात सगळे हात जिंकणे. हात काही सगळे मिळाले नाहीत.

भारताच्या बाजूला चौधुरी होते आणि इथे मात्र नोंदवहीची शिस्त दिसते. वसंत-उन्हाळ्यात सीमेवर सैन्य गोळा केले ते ‘ॲब्लेझ’. ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली ते ‘रिडल’, म्हणजे कोडे. आणि ७-८ सप्टेंबरच्या रात्री सियालकोटकडे पहिली चिलखती डिव्हिजन सोडली, तिचे नाव ‘नेपाळ’. पंजाबच्या सपाट रानातल्या लढाईला हिमालयातल्या मित्रदेशाचे नाव. कुणाच्या हाती कागद पडला असता तरी तो नकाशाच्या भलत्याच टोकाला शोधत बसला असता. माझ्या मते या सगळ्या यादीतले सर्वांत चोख नाव हेच.

ही डिव्हिजन म्हणजे १९४८ साली चौधुरींनी हैदराबादवर नेली तीच. आणि तिच्यात आता पूना हॉर्सचे नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. त्यांच्या घराण्याचे मूळ शिवछत्रपतींच्या चाकरीशी जोडले जाते. शिक्षण पुण्याचे, आणि लष्करी उमेदवारी निजामाच्या फौजेत, अल इद्रूस यांच्या हाताखाली! हैदराबाद विलीन झाल्यावर ते भारतीय लष्करात आले. १६ सप्टेंबर १९६५ ला रणगाड्यावरच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

सरसेनापती म्हणून चौधुरींवर टीकाही झाली. पश्चिम विभागाचे हरबक्षसिंग यांनी पुढे लिहिले की खेमकरणला दबाव वाढला तेव्हा चौधुरींनी बियास नदीमागे हटायला सांगितले आणि आपण ते मानले नाही. चौधुरींची बाजू घेणारे हे नाकारतात. दारूगोळा संपत आला असे त्यांनी पंतप्रधान शास्त्रींना सांगितले, आणि नंतरच्या हिशेबात आघाडीचा जेमतेम चौदा टक्के वापरलेला निघाला, असेही लिहिले गेले आहे. चव्हाणांच्या तेव्हाच्या नोंदींवर त्यांचे सचिव राम प्रधान यांनी जे पुस्तक केले, त्यातही सरसेनापतींचा धीर वर-खाली होताना दिसतो. मला वाटते, कागदावर अत्यंत तल्लख आणि आघाडीच्या बातम्यांनी चटकन हलणारा असा हा माणूस असावा. स्टाफ ऑफिसर त्यांच्यातून शेवटपर्यंत गेला नाही.

१९६६ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळाले आणि सरकारने त्यांना कॅनडात उच्चायुक्त म्हणून पाठवले. ते काम संपल्यावर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९७८ साली त्यांचे आत्मचरित्र आले, तेही स्वतः लिहिलेले नव्हे, दुसऱ्याला सांगून लिहवलेले. १९८३ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या गोव्याच्या मोहिमेचे ‘विजय’ हे नाव नोंदवहीतून पुन्हा एकदा बाहेर आले ते १९९९ मध्ये, कारगिलला.